बिघाड, जागरण आणि निर्णय

७ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ. दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ कोळिकोडवर पोहोचले तेव्हा पाऊस कोसळत होता आणि कॅप्टनच्या बाजूचा वायपर धड चालत नव्हता. पहिल्या प्रयत्नात तो सुरू झाला आणि थोड्याच वेळात थांबला. उतरणे सोडून विमान पुन्हा वर गेले, वळसा घालून धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून आले. आता वारा पाठीमागून होता. चाके टेकली तेव्हा जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडली होती. टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या त्या धावपट्टीचे टोक ओलांडून विमान खाली कोसळले. एकवीस जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन दीपक साठे हवाई दलात घडलेले, या विमानतळावर अनेकदा उतरलेले वैमानिक होते. महाराष्ट्रात त्या रात्री बातमी कळली तेव्हा ‘एवढ्या अनुभवी माणसाच्या हातून?’ हाच प्रश्न घराघरांत विचारला गेला.

चौकशी अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचे कारण पुढे ठेवले, आणि त्यासाठी पुरेसा आधारही दिला. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून निघणाऱ्या उड्डाणावर याच कॅप्टनची नेमणूक होती. त्या तळावर कॅप्टनची वानवा होती. विमान दुसऱ्या विमानतळावर नेले असते, तर ड्यूटीच्या तासांच्या नियमामुळे कॅप्टन सकाळच्या उड्डाणाला उपलब्ध राहिले नसते. ज्या नियमाने माणसाला विश्रांती द्यायची, त्याच नियमाचा हिशेब त्या घटकेला त्याला धावपट्टीकडे ओढत होता.

वायपरविषयीचे नियम एका पुस्तकात असतात, ड्यूटीच्या तासांचे दुसऱ्या. पहिले पुस्तक इंजिनिअरिंग विभाग सांभाळतो, दुसरे रोस्टर लावणारे. दोन्हींची तपासणी वेगळी, बैठका वेगळ्या, त्यांविषयी लिहिणारे तज्ज्ञही बहुतेक वेगळे. कोळिकोडच्या पावसात मात्र ही दोन्ही पुस्तके एकाच माणसासमोर एकाच वेळी उघडली होती. या संग्रहाचा विषय हा आहे: विमानात काहीतरी बिघडलेले आहे, ते चालवणारा किंवा दुरुस्त करणारा माणूस दमलेला आहे, आणि न्यायचे की थांबायचे हे त्याला ठरवायचे आहे.

या विषयाशी पहिल्यांदाच ओळख होणाऱ्या वाचकाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. विमाने लहानमोठे बिघाड घेऊन उडतात आणि ते पूर्णपणे कायदेशीर असते. प्रवासी विमानात बहुतेक महत्त्वाच्या यंत्रणा दुहेरी किंवा तिहेरी असतात. त्यांपैकी एखादी बंद असताना कोणत्या अटींवर उडता येईल, याची यादी केलेली असते. तिला मिनिमम इक्विपमेंट लिस्ट म्हणतात, रोजच्या बोलण्यात नुसते एमईएल. एकेका जातीच्या विमानासाठी मूळ यादी तयार होते, आणि प्रत्येक विमान कंपनी तिच्यावरून आपली यादी बनवते. कंपनीची यादी मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल असू शकत नाही. भारतात तिला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता लागते. बिघाडाच्या वर्गाप्रमाणे दुरुस्तीची मुदत ठरते: ‘बी’ वर्गाला तीन दिवस, ‘सी’ला दहा, ‘डी’ला एकशेवीस, ‘ए’ वर्गाची मुदत त्या त्या नोंदीतच लिहिलेली असते. काही नोंदींसोबत इंजिनिअरने आधी करायचे काम जोडलेले असते, काहींसोबत वैमानिकाने उड्डाणात पाळायची पद्धत. मग त्या बटणाशेजारी ‘इनऑप’ची पट्टी चिकटते, टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद होते, इंजिनिअर सही करतो. स्नॅग, म्हणजे बिघाड, डिफर झाला, म्हणजे पुढे ढकलला गेला, विमान एमईएलवर सुटले.

या यादीकडे संशयाने पाहणारे प्रवासी मला नेहमी भेटतात. ‘म्हणजे बिघडलेले विमान चालवतात?’ त्यांना मी सांगते की ही यादी विमान वाहतुकीतल्या सर्वांत शहाण्या दस्तऐवजांपैकी एक आहे. ती नसती तर प्रत्येक स्नॅगवर त्या त्या रात्री, त्या त्या स्टँडवर, आवाज मोठा असलेल्याचे म्हणणे चालले असते. दोन दिव्यांपैकी एक गेला तर काय करायचे, हे शांत डोक्याने, दिवसाउजेडी, गणित मांडून आधीच ठरवून ठेवलेले असणे ही फार मोठी सुरक्षितता आहे.

मात्र या यादीच्या पोटात एक गृहीतक आहे. बंद पडलेल्या यंत्राचे काम नाहीसे होत नाही, ते कुणाकडे तरी जाते, आणि बहुतेक वेळा ते माणसाकडे जाते. एपीयू, म्हणजे विमानातले छोटे सहायक इंजिन, बंद असेल तर जमिनीवर बाहेरून वीज आणि हवा जोडावी लागते, इंजिन सुरू करण्याची पद्धत बदलते, नागपूरच्या मे महिन्यात केबिन तापते. ऑटोपायलट बंद असेल तर विमान सगळा वेळ हाताने धरून उडवावे लागते. एकोणतीस हजार फुटांवरच्या हवाई मार्गांत उंची आपोआप राखणारी यंत्रणा लागते, म्हणून मग खालून जावे लागते. तिथे इंधन जास्त जळते आणि ढगही जास्त भेटतात. यातले प्रत्येक काम तंदुरुस्त, झोप झालेल्या वैमानिकाला सहज जमते. यादीने तोच वैमानिक गृहीत धरलेला आहे. तो पहाटे साडेतीन वाजता, चौथ्या सेक्टरच्या, म्हणजे चौथ्या उड्डाणाच्या, आधी, टेक लॉग हातात घेऊन उभा असेल तर ओझे किती वाढते, याचे गणित तिच्यात नाही.

याला एक सुंदर अपवाद आहे. अमेरिकी मूळ याद्यांत काही विमानांच्या ऑटोपायलटच्या नोंदीखाली एक अट येते: उड्डाणांची संख्या आणि त्यांचा कालावधी वैमानिकांना मान्य असला पाहिजे. शेकडो नोंदींच्या त्या रुक्ष दस्तऐवजात यंत्राविषयी बोलता बोलता कुणीतरी माणसाकडे वळून ‘तुम्हाला झेपेल का?’ असे विचारले आहे. हा संग्रह जुळवताना ती अट माझ्या मनात सतत होती. हा प्रश्न इतर किती नोंदींखाली यायला हवा होता?

आता दुसरे पुस्तक, थकव्याचे. त्याचा इतिहास विमानांइतकाच जुना आहे. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने साडेतेहतीस तासांत एकट्याने अटलांटिक ओलांडला, तेव्हा इंजिनापेक्षा झोपेशी त्याची झुंज जास्त मोठी होती. थकव्याचा पद्धतशीर अभ्यास मात्र दुसऱ्या महायुद्धात केंब्रिजला झाला. केनेथ क्रेक, फ्रेडरिक बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिटफायरचा कॉकपिट प्रयोगशाळेत मांडला आणि वैमानिकांना तासन्‌तास त्यात बसवले. संशोधकांना जे दिसले ते आजही या विषयाच्या मुळाशी आहे. दमलेल्या वैमानिकाचे हात थांबत नव्हते, त्याचे मापदंड सैल होत होते. सुरुवातीला काटा जरासा हलला की तो दुरुस्त करणारा माणूस काही वेळाने बराच मोठा फरक चालवून घेऊ लागे, आणि आपण अजून तितकेच नेमके उडवतो आहोत असे त्याला वाटे. समोरच्या मुख्य यंत्रांकडे लक्ष राही, कडेची यंत्रे, जसा इंधनाचा काटा, नजरेतून सुटत. प्रवास संपत आला की चुका आणखी वाढत.

हे वाचून एमईएलकडे परत या. डिफर केलेला स्नॅग हा स्वभावतःच कडेचा काटा असतो. तो सकाळी वाचलेला असतो, पट्टी लावून बाजूला ठेवलेला असतो, आणि त्याची आठवण नेमकी शेवटच्या अर्ध्या तासात लागते.

पुढच्या संशोधनाचा पसारा मोठा आहे, त्यातले टप्पे तेवढे सांगते. नॅथॅनिएल क्लाइटमन १९३८ मध्ये केंटकीतल्या मॅमथ गुहेत एका सहकाऱ्यासह महिनाभर राहिला आणि शरीराचे घड्याळ सहजासहजी बदलत नाही हे त्याने स्वतःवर पाहिले. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी झोपेच्या दोन प्रक्रियांचे प्रारूप मांडले: जागेपणी साचत जाणारी झोपेची गरज आणि दिवसाच्या घड्याळाची भरती-ओहोटी. थकव्याचे भाकीत करणारी आजची बहुतेक संगणकीय प्रारूपे याच पायावर उभी आहेत. नासाने १९८० मध्ये वैमानिकांच्या थकव्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातल्या एका गाजलेल्या अभ्यासात, दुसरा वैमानिक विमान सांभाळत असताना चाळीस मिनिटांची संधी मिळालेल्यांनी सरासरी सव्वीस मिनिटे झोप घेतली आणि उतरताना ते स्पष्टपणे अधिक सावध होते. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. दारू पिऊन कॉकपिटमध्ये शिरणाऱ्याला आपण विमानतळावरच अडवतो. सतरा तास जागलेल्याला अडवणारे यंत्र नाही. तो स्वतः बोलला तरच कळते.

थकव्याचा विचार करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन पंथ आहेत. सर्वांत जुना तास मोजणाऱ्यांचा: इतके तास ड्यूटी, इतके तास विश्रांती, वर्षाला इतके उड्डाण. हा नियम मोडला की पकडता येतो, न्यायालयात टिकतो, म्हणून कामगार संघटनांचा त्याच्यावर विश्वास. दुसरा पंथ झोपेच्या शास्त्रज्ञांचा. ते म्हणतात, दुपारी सुरू झालेले दहा तास आणि रात्री अकराला सुरू झालेले दहा तास सारखे नसतात. पहाटे दोन ते सहा ही शरीराची सर्वांत मंद वेळ असते, ती मोजा. या विचारातून थकवा-जोखीम व्यवस्थापनाची पद्धत आली आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने तिची मानके ठरवली. तिसरा पंथ सुरक्षित बोलण्याचा आग्रह धरणाऱ्यांचा. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक, इंजिनिअर आणि नियंत्रक आपली चूक गोपनीयपणे कळवू शकतात, त्याच धर्तीवर थकव्याची तक्रार शिक्षेच्या भीतीविना करता आली पाहिजे, असे ते म्हणतात. मला तिघांचीही गरज दिसते, पण क्रम लावायचा झाला तर तास मोजणे मी पहिले ठेवीन. शास्त्राच्या नावाखाली तासांची मर्यादा सैल करून घेण्याचा मोह कंपन्यांना होतो, आणि भीती असलेल्या ठिकाणी बोलण्याची पेटी रिकामीच राहते.

निर्णयांच्या अभ्यासाची वाट वेगळी आहे. तिची सुरुवात एका बल्बपासून झाली म्हटले तरी चालेल. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या उड्डाणात चाकांचा निर्देशक दिवा लागला नाही. सगळा कॉकपिट त्या दिव्यामागे लागला आणि विमान हळूहळू खाली येत फ्लोरिडाच्या दलदलीत शिरले. बल्ब जळाला होता, चाके व्यवस्थित होती. सहा वर्षांनी पोर्टलंडजवळ युनायटेडचे १७३ क्रमांकाचे उड्डाण चाकांच्याच चिंतेत घिरट्या घालता घालता इंधनावाचून पडले. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने बोलावलेल्या कार्यशाळेतून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट आले, म्हणजे कॉकपिटमधल्या सगळ्यांचे डोळे आणि तोंडे उपयोगात आणण्याचे शिक्षण. पुढे गॅरी क्लाइन यांनी दाखवले की अनुभवी माणूस पर्याय तोलत बसत नाही, तो परिस्थिती ओळखतो आणि कृती करतो. जुडिथ ओरासानू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरलेली योजना रेटत राहण्याच्या चुकीचा अभ्यास केला. जेम्स रीझन यांनी नजर संस्थेकडे वळवली: शेवटचा हात वैमानिकाचा, पण भोके आधीच्या अनेक भिंतींत.

आता या दोन वाटा जोडून पाहा. अनुभवी माणूस ओळखीवर चालत असेल आणि थकवा ओळखीचे मापदंड सैल करत असेल, तर दमलेल्या तज्ज्ञाला बिघाड ‘नेहमीचाच’ वाटू लागणे अगदी स्वाभाविक आहे. योजना रेटण्याची ओढ थकव्यात वाढते, कारण योजना बदलायची म्हणजे नव्याने विचार करायचा, आणि तेवढीच ताकद उरलेली नसते. हा या संग्रहाचा मध्यवर्ती विचार आहे.

याची उदाहरणे अहवालांत विखुरलेली आहेत. १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्यूबातल्या ग्वांतानामो बे इथे एक मालवाहू डीसी-८ धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. कॉकपिटमधले तिघेही वाचले, म्हणून त्यांच्या झोपेचा तास न्‌ तास हिशेब लागला. कॅप्टन साडेतेवीस तास जागा होता. क्यूबाची हद्द दाखवणारा लुकलुकता दिवा त्या दिवशी बंद होता, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. वळण चुकत असताना, वेग घटत असताना, कॅप्टन तो दिवा शोधत राहिला. अमेरिकी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एखाद्या मोठ्या विमान अपघाताच्या कारणात थकव्याचे नाव प्रथमच घेतले ते या प्रकरणात. जमिनीवरचे एक बंद उपकरण आणि एक दमलेले डोके, असे हे प्रकरण आहे.

आपल्याकडचे मंगळूरचे प्रकरणही असेच वाचता येते. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले, एकशे अठ्ठावन्न जण गेले, आठ वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायालयाने नोंदवले की कॅप्टन उड्डाणात दीड तासाहून अधिक झोपलेला होता आणि जागे झाल्यानंतरच्या जडत्वाचा त्याच्या निर्णयांवर परिणाम झाला असावा. सहवैमानिक विमान पुन्हा वर न्यायला सांगत होता. त्याच दिवसांत मंगळूरचे रडार बंद होते. त्यामुळे विमानाला खाली यायला उशीर झाला आणि ते गरजेपेक्षा उंचावरून धावपट्टीकडे आले. रडार बंद असल्याची सूचना रीतसर निघालेली होती, म्हणजे कागद पूर्ण होते. पण रडारच्या अनुपस्थितीने वाढलेले काम ज्याच्याकडे जाणार होते, तो नुकताच झोपेतून उठला होता.

प्रत्येक बिघाडाच्या गोष्टीत थकवा घुसडायचा नाही, ही शिस्त आम्ही पाळली आहे. माद्रिदमध्ये २० ऑगस्ट २००८ रोजी स्पॅनएअरच्या एमडी-८२ चा अपघात झाला तो भरदुपारी. हवेचे तापमान मोजणारा प्रोब जमिनीवरच तापत होता, म्हणून विमान धावपट्टीजवळून परतले. इंजिनिअरने यादी पाहिली. प्रोबचे हीटिंग बंद असताना, बर्फाचा धोका नसेल तर, उडण्याची मुभा होती. त्याने सर्किट ब्रेकर ओढला, विमान सुटले. उशीर झाला होता, घाई होती, फ्लॅप न लावताच ते धावले आणि चूक दाखवणारा इशारा वाजला नाही. एकशे चोपन्न जण गेले. प्रोबचे जमिनीवर तापणे आणि इशारा न वाजणे या दोन्हींचा धागा एका रिलेपर्यंत जातो. इशारा नेमका का वाजला नाही हे शेवटपर्यंत निर्विवाद सिद्ध झाले नाही. पण यादी ‘हे बंद असले तर चालेल का’ याचे उत्तर देते. ‘हे असे का वागते आहे’ हा प्रश्न माणसाने विचारायचा असतो. थकवा किंवा घाई आधी हा दुसरा प्रश्न खाते.

वारंवार येणाऱ्या स्नॅगचीही तीच गत होते. डिसेंबर २०१४ मध्ये जावा समुद्रात पडलेल्या एअरएशियाच्या एअरबसमध्ये रडरच्या मर्यादा-यंत्रणेचा बिघाड आधीच्या बारा महिन्यांत तेवीस वेळा नोंदला गेला होता. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचे ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला आले, ते उड्डाणभर स्टॉलचा इशारा चालू असताना. टेक लॉगमध्ये वेग आणि उंचीच्या फरकाची नोंद झाली, कंट्रोल कॉलम थरथरत राहिल्याची, म्हणजे त्या इशाऱ्याची, झाली नाही. दुसऱ्या सकाळी तेच विमान एकशे एकोणनव्वद जणांसह समुद्रात गेले. रात्री उशिरा लिहिलेल्या दोन ओळींवर पुढच्या पाळीचा इंजिनिअर आणि पुढच्या सकाळचा वैमानिक विसंबून असतो. त्या दोन ओळी कोणत्या अवस्थेत लिहिल्या जातात, याकडे आम्ही या संग्रहात बरेच लक्ष दिले आहे.

इथे इंजिनिअरविषयी थोडे थांबून लिहायलाच हवे, कारण थकव्याच्या चर्चेत तो कायम मागे राहतो. प्रवासी विमाने मुख्यतः दिवसा उडतात म्हणून त्यांची निगा बहुतेक रात्री होते. जून १९९० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी १-११ ची समोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. तो वाचला, कारण सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले. ती काच रात्रपाळीच्या प्रमुखाने माणसे कमी म्हणून स्वतः पहाटेच्या वेळी बसवली होती. नव्वदपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट किंचित कमी व्यासाचे निघाले. त्याने जुना बोल्ट हातात धरून नजरेने जोडी जुळवली होती. बेपर्वा माणसाची ही गोष्ट नव्हे. तो कामसू होता, अडचणीत पुढे होणारा होता. वैमानिकाच्या तासांवर जगभर वाद झाले, नियम झाले. ज्याच्या सहीवर विमान सुटते त्याच्या रात्रींचा हिशेब मागणारा आवाज फार क्षीण आहे. या संग्रहात लाइन मेंटेनन्समधल्या माणसांना वैमानिकांइतकीच जागा दिली आहे, आणि संपादक म्हणून या एका निर्णयाचे मला सर्वांत जास्त समाधान आहे.

हे सगळे आत्ता मराठीत का? भारतात थकव्याच्या नियमांचा प्रवास फार अडखळत झाला आहे. २००७ मध्ये डीजीसीएने वैमानिकांच्या तासांचे नवे नियम काढले आणि पुढच्याच वर्षी ते बाजूला ठेवून १९९२ च्या परिपत्रकाकडे परत गेले. वैमानिक मुंबई उच्च न्यायालयात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. नवे नियम यायला २०११ उजाडले. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुधारणा झाली: आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. तीही पुढे ढकलली गेली आणि दिल्ली उच्च न्यायालयातल्या लढ्यानंतर जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अमलात आली. डिसेंबरच्या सुरुवातीलाच इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, आणि रात्रीच्या ड्यूटीच्या काही तरतुदींतून कंपनीला फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. त्या दिवसांत ज्यांचे लग्न, परीक्षा, उपचार हुकले त्यांचा संताप खरा होता. पण चर्चेत ‘नियमांमुळे गोंधळ झाला’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू आले की नियम कशासाठी होते हे कुणाला आठवेना. दोन वर्षे आधी जाहीर झालेल्या नियमासाठी माणसे न नेमणे हा गोंधळाचा उगम होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध फक्त प्रवाशाचा नाही. मुंबई हे दशकानुदशके देशाच्या विमान वाहतुकीचे केंद्र राहिले आहे. सांताक्रूझच्या हँगरमध्ये आयुष्य घालवलेले इंजिनिअर, वैमानिक, केबिन क्रू अंधेरी-वसईपासून नाशिकपर्यंत घराघरांत आहेत. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ उड्डाणानंतर दोनच मिनिटांत वांद्र्याजवळ समुद्रात गेले, दोनशे तेरा जण गेले. कॅप्टनसमोरच्या विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणाने चुकीचा कल दाखवला, बाहेर काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते. बिघडलेल्या उपकरणावर विश्वास ठेवायचा की शेजारच्या, हे काही सेकंदांत ठरवायचे होते. ती आठवण इथल्या जुन्या लोकांच्या मनात अजून ताजी आहे. हे ज्ञान इथल्या माणसांनी कमावले, पण ते इंग्रजी मॅन्युअल आणि अहवालांत राहिले. पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरच्यांना, कामगार न्यायालयातल्या वकिलाला, जिल्ह्याच्या पत्रकाराला ते मराठीत वाचता यावे, असे आम्हाला मनापासून वाटले.

या संग्रहात काय सापडेल आणि काय नाही, तेही सांगते. वैमानिक, इंजिनिअर, रोस्टर लावणारे, निद्राविकारांचे डॉक्टर आणि एक केबिन क्रू सदस्य यांचे लेखन यात आहे. लेखकांनी आपापल्या नोकरीतले प्रसंग सांगताना कंपनीची आणि सहकाऱ्यांची नावे घेतलेली नाहीत. ज्यांची चौकशी पूर्ण झालेली आहे असेच अपघात घेतले आहेत. लेखकांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. एका ज्येष्ठ कॅप्टनना वाटते की उड्डाण नाकारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, तो न वापरणाऱ्याने तक्रार करू नये. एका तरुण सहवैमानिकाने त्याला उत्तर दिले आहे. कर्जाचे हप्ते, बॉण्ड आणि कमांडची, म्हणजे कॅप्टनपदाची, वाट पाहणे यांच्या सावलीत तो अधिकार कसा दिसतो, हे त्याने लिहिले आहे. मी तो वाद मिटवलेला नाही. दोघांनाही पूर्ण बोलू दिले आहे.

एका मागणीपाशी मात्र बहुतेक सगळे एकत्र आले, आणि ती मी इथेच नोंदवते. टेक लॉगमध्ये एखादा स्नॅग डिफर होतो तेव्हा बिघाड, वर्ग, मुदत आणि सही लिहिली जाते. त्याच नोंदीत आणखी दोन रकाने असावेत: सही करणाऱ्या इंजिनिअरची ही सलग कितवी रात्र, आणि विमान स्वीकारणाऱ्या कॅप्टनची ड्यूटी किती वाजता सुरू झाली. ही नोंद कुणाला दोषी धरण्यासाठी वापरली जाणार नाही, असे नियमातच लिहावे. कंपन्यांकडून डीजीसीएकडे दर तिमाहीला थकव्याचे अहवाल जायचे आहेतच. त्यांच्याशेजारी हे दोन रकाने ठेवले तर कोणत्या तासाला बिघाड स्वीकारले जातात, कोणत्या तासाला नाकारले जातात, आणि तोच स्नॅग पुन्हा पुन्हा पहाटेच डिफर होतो का, हे एका वर्षात दिसू लागेल. आज यातली अर्धी माहिती इंजिनिअरिंगच्या फायलीत आहे आणि अर्धी रोस्टरच्या संगणकात.